दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना

‘बायजाबाई काटकर. वय अंदाजे सत्तर. तरटवाडी फाटा, तालुका माण. धंदा, बोरं विकणे.’ खासनीस सरांनी माझं कार्ड मोठ्यानं वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की मला वाटलं, आता हे उठून मिठीच मारतात.

‘सायखोटं!’ ते म्हणाले. ‘शेडगे, काय शब्द आणलात हो! दुधावर साय धरावी तसं खऱ्यावर धरलेलं खोटं. मऊ. कुणाला न बोचणारं. वा!’

मी मान खाली घातली. सरांना तो विनय वाटला असावा. खरी गोष्ट अशी होती, की तो शब्द बायजाबाईचा नव्हता, तिच्या गावाचा नव्हता, कुणाचाच नव्हता. तीन दिवसांपूर्वी कोरेगावात मामाच्या ओट्यावरचं दुधाचं पातेलं बघता बघता तो मीच जुळवला होता.

एकोणऐंशी सालचा जानेवारी. साताऱ्यात एका वाचनालयाच्या माडीवर इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम चालायचं. संपादक नरहरपंत खासनीस, कार्डं लावून ठेवणाऱ्या लिमयेबाई आणि सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला मी, असा आमचा तिघांचा कारभार. एक इंग्रजी शब्द, एक कार्ड. अर्थानं जवळचे शब्द एकत्र करून त्यांचा गट एकाच माणसाकडे द्यायची पद्धत होती, आणि माझ्या वाट्याला आला होता खोटेपणाचा गट. ‘लाय’पासून सुरुवात. मग फिब, फॉल्सहुड, पर्जरी, ब्लफ, होक्स, फ्रॉड, हम्बग... मोजून त्रेपन्न शब्द. ती यादी बघून मला वाटलं, इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं ते उगाच नाही.

पण आपली मराठीही कमी नव्हती. फिबला थाप होती, आणि ती चांगली घोळून मारलेली असली तर लोणकढी थाप होती. ब्लफला हूल होती, होक्सला बनाव, पर्जरीला खोटी साक्ष. शिवाय मखलाशी, बतावणी, उडवाउडवी, धूळफेक होतीच. नुसतं फसवायचं म्हटलं तरी टोपी घाला, शेंडी लावा, चुना लावा, पाहिजे ते करा. बावन्न कार्डं भराभर झाली. त्रेपन्नाव्याशी मी अडलो. ‘व्हाइट लाय.’ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून, आपला काही फायदा नसताना बोललेलं खोटं.

मी आपलं ‘पांढरं खोटं’ लिहून दिलं. सरांनी कार्ड बोटानं माझ्याकडे परत सरकवलं.

‘असं कुणाच्या आजीला बोलताना ऐकलंत?’

‘नाही, सर.’

‘मग हा शब्द नाही, नुसतं भाषांतर आहे. आपल्याकडे लोक असं बोलत नाहीत काय? रोज बोलतात. मग त्याला काहीतरी म्हणत असतीलच. जा, खेड्यांत फिरा आठ दिवस. शोधून आणा.’

सरांचे तीन नियम होते आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पहिला, प्रत्येक कार्डावर दोन साक्षीदार. शब्द कुणाच्या तोंडून ऐकला त्याचं नाव, गाव. आणि दुसऱ्या रकान्यात तोच वापर ऐकवणारा दुसरा माणूस. एकाच्या तोंडचं ते एकाचं, दोघांच्या तोंडचं ते भाषेचं, असं ते म्हणत. दुसरा, आपण शब्द उच्चारायचा नाही. प्रसंग सांगायचा आणि गप्प बसायचं. शब्द समोरच्याच्या तोंडात घातला, की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि कार्ड नासतं. तिसरा नियम सर जरा हळू आवाजात सांगत. ‘ज्याचा शब्द असतो ना शेडगे, तो त्याला चघळत नाही. सहज बोलून मोकळा होतो. जो शब्द पुन्हा म्हणून बघतो, त्यानं तो नुकताच ऐकलेला असतो.’

माझ्या आधीच्या सहायकानं एक कार्ड, एकच, घरी बसून भरलं होतं. सरांनी त्याला त्याच दिवशी कायमचं घरी बसवलं. ही हकीकत लिमयेबाईंनी मला रुजू झाल्याच्या दुपारीच डब्यातल्या लोणच्याबरोबर वाढली होती. आणि माझे सहा महिने भरत आले होते. खोटेपणाचा गट पुरा झाला, की मला कायम करायचं की निरोप द्यायचा हे ठरणार होतं. आईनं तर आळीत सांगूनही टाकलं होतं, की आमचा चंद्रकांत आता शब्दकोशात कायमचा बसला.

तर मी आठ दिवसांसाठी निघालो आणि पहिल्याच दिवशी हात टेकले. तुम्हीच विचार करा. अनोळखी गावात पारावर जायचं आणि विचारायचं, ‘तुम्ही चांगल्या मनानं खोटं कसं बोलता?’ एक म्हातारा म्हणाला, ‘लबाड मोजायला सरकारनं मानूस धाडलाय रं!’ सगळा पार हसला. मी तिथून जो निघालो तो तरटवाडी फाट्यावर येऊन उभा राहिलो. तिथं बाभळीखाली बोरांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. गाडीला वेळ होता म्हणून तिला विचारलं. तिनं मला पाणी दिलं, नाव सांगितलं, पण शब्द काही दिला नाही. जे बोलली ते कार्डावर लिहिण्यासारखं मला वाटलं नाही. मी कोरेगावच्या गाडीत बसलो आणि उरलेले सात दिवस मामाकडे कॅरम खेळलो.

‘उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ,’ खासनीस सर म्हणाले.

‘कुठं, सर?’

‘तरटवाडीला. दुसरा साक्षीदार तिथंच मिळेल. पण आधी मला ही बाई माझ्या कानांनी ऐकायची आहे.’

‘सर, बाई आजारी आहे.’

‘मग तर लवकर गेलं पाहिजे.’

‘म्हणजे... पाहुण्यांकडे गेली असेल.’

‘आजारी बाई?’ सर हसले. ‘अहो शेडगे, माझ्या गुडघ्यांची काळजी करताय होय? या शब्दासाठी मी चालतसुद्धा जाईन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. धुतलेलं धोतर, काळा कोट आणि मांडीवर कार्डांची छोटी पेटी. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण सहलीला निघाल्यासारखा खुलला होता. ते मला सांगत होते, की अठरा वर्षांपूर्वी त्यांनी कोश हातात घेतला तेव्हा एक मोठे विद्वान म्हणाले होते, इंग्रजीतल्या बारीक छटा मराठीला पेलायच्या नाहीत. ‘त्यांना आता हे कार्ड दाखवतो,’ सर म्हणाले. मी हो हो करत होतो. मनातल्या मनात खंडोबाला विनवत होतो, की देवा, म्हातारी आज फाट्यावर नसू दे.

म्हातारी होती. तीच बाभळ, तीच पाटी, डोक्यावरून घेतलेला तोच विटका हिरवा पदर.

आमच्याबरोबर एक पांढऱ्या टोपीतला गृहस्थ उतरला. तो आमच्याआधी पाटीशी गेला आणि त्यानं विचारलं, ‘म्हातारे, गोड हायत का बोरं?’

‘वरली गोड हायत,’ बायजाबाई म्हणाली. ‘खालची तुरट निघत्यात औंदा.’

‘मग सगळी गोड हायत म्हनून सांगायचं की! तुला धंदा कळंना.’

‘तुरट हायत त्यास्नी गोड कशी म्हनू?’

गृहस्थ हसला आणि बोरं न घेताच निघून गेला. म्हातारीला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती पाटीवरचं फडकं सारखं करत राहिली. सर मात्र जागच्या जागी थांबले होते.

‘बघितलंत?’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘साक्षीदार असावा तर असा.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी बाई गिऱ्हाईक गेलं तरी बोरांबद्दल खोटं बोलत नाही, ती माझ्यासारख्या लबाडासाठी कशाला बोलेल? आता पाच मिनिटांत सगळं उघडं पडणार. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

सरांनी वाकून नमस्कार केला. बायजाबाई गडबडली. ‘आवं सायब, माज्या पाया काय पडताय,’ म्हणत तिनं पदर पुढं ओढला. मग तिनं मला ओळखलं. ‘ह्यो पोरगा मागल्या आठवड्यात आल्ता. पानी प्याला आन् गेला.’

‘तोच,’ सर म्हणाले आणि सरळ तिच्यासमोर दगडावर बसले. ‘त्याला तुम्ही एक शब्द दिलात. तो मला तुमच्या तोंडून ऐकायचाय. मी एक गोष्ट सांगतो. समजा, घरात नवी सून आलीय. पहिल्यांदाच भाकरी केली आणि ती करपली. सासरा जेवायला बसला. सुनेनं भीत भीत विचारलं, मामंजी, कशी झालीय? आणि तो म्हणाला, झकास झालीय. आता, बाई, हे तो बोलला त्याला तुमच्यात काय म्हणतात?’

बायजाबाई हसली. तिचे दोनच दात उरले होते, ते दोन्ही दिसले.

‘त्येला काय म्हनायचं, सायब?’ ती म्हणाली. ‘काय बी म्हनत न्हाई. तसं बोलायचंच असतंय.’

मला हेच तिनं आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. आणि मी ते फालतू म्हणून सोडून दिलं होतं.

सर थांबले. त्यांनी काही सुचवलं नाही, की माझ्याकडे बघितलं नाही. नियमाप्रमाणे गप्प बसून राहिले. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. ती पार दिसेनाशी झाली. माझा धीर सुटला.

‘आजी, असं काय करता?’ मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. ‘तुम्ही मला सांगितलं होतंत ना! सायखोटं म्हणतो म्हणून!’

शब्द तोंडातून गेला आणि मी काय केलं ते मला कळलं. सरांसमोर, सरांच्या साक्षीदाराच्या तोंडात, मी शब्द घातला होता. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता.

बायजाबाईनं माझ्याकडे बघितलं. भर जानेवारीत माझ्या कपाळाला घाम फुटला होता. हातातली पिशवी मी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. तिनं माझं तोंड बघितलं, माझे हात बघितले, मग सरांच्या मांडीवरची पेटी बघितली.

‘सायखोटं,’ ती हळूच म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, ‘सायखोटं.’

आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला.

‘व्हय की! म्हनतो. मीच इसरले व्हते बगा. माजी सासू म्हनायची, सायखोटं बोल गं बायजा, कुनाचं तोंड पाडू नगं. पोरगं खरं बोलतंय सायब. माजंच डोस्कं म्हातारं झालंय.’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तुरट बोराला गोड न म्हणणारी ती बाई, एका सेकंदात, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, सासूला साक्षीला उभं करून, वर दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन, माझ्यासाठी खोटं बोलली होती. मी तिचा कोण होतो? एकदा तिच्या तांब्यातलं पाणी प्यायलेला वाटसरू. मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण सर शेजारी होते, आणि मी भित्रा होतो.

सरांनी पेटीतून माझं कार्ड काढलं, मांडीवर ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि परत आत ठेवलं. ‘फार उपकार झाले, बाई,’ ते म्हणाले. एवढंच. वरची गोड आणि खालची तुरट, अशी निम्मी पाटी त्यांनी विकत घेतली. दुसऱ्या साक्षीदारासाठी गावात जायचं ते म्हणाले होते, पण आता त्यांनी घड्याळ बघितलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. गाडीला अजून पाऊण तास होता. मी ते बोलून दाखवलं नाही. कशाला दाखवू?

गाडी दिसली तेव्हा बायजाबाईनं मला खूण करून मागं बोलावलं. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार. तिनं पितळी तांब्या पुढं केला.

‘पानी पी, लेकरा,’ ती म्हणाली. ‘तोंड लई सुकलंय तुजं.’

परतीच्या गाडीत सर बराच वेळ बाहेर बघत होते. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलो होतो. पुसेगाव गेलं, तेव्हा ते माझ्याकडे न वळताच म्हणाले, ‘चांगला शब्द आहे, शेडगे.’

‘हो, सर.’

‘फार चांगला. कान तृप्त झाले.’

माझ्या छातीवरची धोंड उतरली. वाचलो! मी एक बोर तोंडात टाकलं. ते गोड निघालं. त्या घडीला मी स्वतःला जगातला सगळ्यात नशीबवान आणि थोडासा हुशार माणूससुद्धा समजत होतो, हे आता लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा वाटत होतं खरं. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. आईनं आळीत पेढे वाटले.

त्यानंतर मी एकही खोटं कार्ड भरलं नाही. हात कार्डाकडे जायचा, आणि तो पितळी तांब्या आठवायचा. एकदा एकाच शब्दासाठी मी अकरा गावं पायी फिरलो, लोक हसले तरी पारावरून हललो नाही. फाट्यावरून जाताना मात्र मी दर वेळी खिडकीतून बाभळीखाली बघायचो. दोन वर्षं ती दिसली. तिसऱ्या वर्षी बाभळीखाली कुणी नव्हतं. मी उतरलो नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात कोश संपत आला आणि ‘डब्ल्यू’ची मुद्रितं आली. मुद्रित तपासायची आमची रीत अशी, की छापलेली नोंद वाचायची, पेटीतून मूळ कार्ड काढायचं, दोन्ही ताडून बघायची आणि खाली सही करायची. मी ‘व्हाइट लाय’पाशी आलो. इतक्या वर्षांनी माझा खोटा शब्द छापून आलेला बघायचा होता.

शब्द नव्हता. नोंद अशी होती:

‘व्हाइट लाय – समोरच्याचं तोंड पडू नये म्हणून, स्वतःचा लाभ नसताना बोललेलं खोटं. मराठीत यास वेगळं नाव आढळलं नाही. तसं बोलायचंच असतं. उदाहरण: व्हय की, म्हनतो. मीच इसरले व्हते बगा.’

मी ती नोंद तीनदा वाचली. मग उठलो, पेटी उघडली आणि मूळ कार्ड काढलं. माझ्याच अक्षरातलं. ‘सायखोटं’वर तांबड्या शाईची एक सरळ रेघ होती. पहिल्या साक्षीदाराच्या रकान्यात बायजाबाई काटकर, तरटवाडी फाटा, तसंच ठेवलेलं. पण कशाची साक्ष, ते आता बदललं होतं.

आणि दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना रिकामा नव्हता. त्यात सरांच्या बारीक, टोकदार अक्षरात लिहिलं होतं:

‘न. रा. खासनीस. परतीची एस.टी., पुसेगावच्या पुढे. वाक्य: चांगला शब्द आहे, शेडगे.’

तारीख त्याच दिवसाची होती.

मी कार्ड हातात धरून उभाच राहिलो. या माणसाला तिथंच, त्या दगडावर बसल्या बसल्याच कळलं होतं. म्हातारीनं शब्द दोनदा म्हणून बघितला तेव्हाच. एका खोट्या कार्डासाठी त्यांनी एका माणसाला घालवलं होतं, आणि मला ठेवलं. कारण मला काढलं असतं, तर त्या बाईनं माझ्यासाठी जे दिलं ते त्यांना मातीत टाकावं लागलं असतं. चार वर्षं ते माझ्यासमोरच्या टेबलाशी बसले होते आणि एकदाही, एका शब्दानं, एका नजरेनं त्यांनी मला ते कळू दिलं नव्हतं. केवढी ही माणसं! आणि मी केवढासा!

सर खिडकीपाशी बसून पुढचं पान वाचत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून कागद नाकाशी धरला होता. त्यांनी मान वर केली नाही.

‘काही चूक आहे का, शेडगे?’ त्यांनी विचारलं.

मला बोलायचं होतं. सगळं बोलायचं होतं. कसाबसा एवढंच म्हणालो, ‘नाही, सर. दोन्ही साक्षीदार बरोबर आहेत.’

‘मग सही करा,’ सर म्हणाले, ‘आणि पुढचं पान घ्या.’

मी सही केली.